छाट

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं,
म्हणून नाचणी तीन पाण्यांतून काढली. जरा उधळपट्टीच.
अंबादासनं कारखान्यातून टॉवेलाची कड आणली होती,
कोरी, पांढरी. पण तिला खळीचा वास.
मग माझ्याच साडीचा पदर फाडला,
पुरचुंडी बांधून खिळ्याला टांगली.
विडी घरकुलातला उन्हाळा असा
की मोड यायला दुसरी रात्र लागत नाही.
सकाळी कापडाच्या विणीतून
पांढरी, केसाएवढी टोकं बाहेर आलेली.

अंगणवाडीच्या शिवलीलाताईंनी बजावलंय,
मीठ नाही, साखर नाही,
मध तर वर्षाची होईपर्यंत दाखवायचासुद्धा नाही.
शेजारची लक्काबाई म्हणाली, गुळाचा खडा तरी टाक,
अळणी कोण खाईल गं?
म्हटलं, हिला कुठं ठाऊक आहे
अळणी म्हणजे काय.

सावलीत वाळवायची म्हणतात.
आमच्याकडं सावली एकच, कॉटखाली,
आणि तिथं पानांचं पोतं.
पोतं उचलून दारात ठेवलं.
आयुष्यात पहिल्यांदा पानं उन्हात, नाचणी सावलीत.

भाजली. दळली. दोनदा चाळली.
एक चमचा पीठ गार पाण्यात कालवून
बारीक आचेवर ढवळत राहिले,
गुठळी होऊ दिली नाही एक.
चकाकी आली तसा गॅस बंद केला,
मनगटावर थेंब टाकून बघितला.

हारिका, तिनु तल्ली. खा माझे आई.

तिनं घेतलं. थांबली.
मग जिभेनं सगळं बाहेर,
आणि तोंड असं केलं
जसं आमचा बिराजदार चेकर करतो
कट्टा सोडून, एकेक विडी दोन बोटांत दाबून,
ओठ वाकडा,
छाट.

बोटं नाकाशी नेली.
साबण झाला होता, लिंबू झालं होतं, बेसनही.
नऊ वर्षांची असताना मांडीवर सूप घेतलं,
तेव्हापासूनचा तंबाखू
तो काय एका सकाळीत जातो?
चमच्याच्या दांडीलाही तोच.
दूध पिताना हिनं कधी नाक मुरडलं नाही,
पण तेव्हा डोळे मिटलेले असायचे.

दुसरा चमचा नेला तर चमचा ढकलून
तिनं माझा अंगठाच धरला, तोंडात घालायला,
ज्याच्या नखानं मी दिवसाकाठी
हजार विड्यांची तोंडं मुडपते तो.
झटक्यानं काढून घेतला.
केवढी रडली! नाचणीसाठी नाही,
अंगठ्यासाठी.

रातपाळी करून अंबादास आला,
मिशीत सुताचा भुगा.
मागांपाशी राहून राहून त्याला हळू बोलता येत नाही.
'काय झालं?' असं ओरडला की ती रडायचीच थांबली.
त्याला म्हटलं, कोपरापर्यंत हात धू आणि बस.
मी तिच्या समोर बसले,
दोन्ही हात पाठीमागं, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.
चमचा त्याचा, तोंड तिचं,
आणि ती बघत होती माझ्याकडं.
मी आ केला.
तिनं आ केला.
पहिला हनुवटीवरून गळ्यात गेला,
दुसरा अर्धा,
तिसरा मात्र सरळ आत.
गिळताना मान जरा पुढं झाली
एवढंच.

त्या दिवशी पानं उन्हानं कडक झालेली,
कात्रीखाली चुरा होत होती.
संध्याकाळी बिराजदारनं अकरा विड्या बाजूला काढल्या
आणि ओठ वाकडा केला.
मला हसू फुटलं.
रांगेतल्या बाया बघायला लागल्या.
'पैसे कापू का?' तो म्हणाला.
कापा की, म्हटलं.
हसू आवरेना.